राहण्याचे ठिकाण

वारा नव्हता. हे आधी लिहून ठेवते,
कारण नंतर सगळे वाऱ्याचंच नाव सांगत आले.
देवगडच्या बंदरात त्या रात्री
धक्क्याजवळच्या घुमटीतली वातसुद्धा सरळ उभी होती.

मी बर्फाच्या कारखान्यात वही लिहिते:
कुठल्या होडीला किती लाद्या, रोख की उधार.
पहाटे साडेतीनला मशीनची घरघर एकदम मोठी वाटली.
मग कळलं, तिच्यामागचा पाण्याचा आवाज बंद झालाय.

खाली पाहिलं तर बंदर रिकामं.
गाळ. गाळात तडफडणाऱ्या शेंगट्या,
कुणाच्या आज्याचा हरवलेला नांगर, एक सायकल,
आणि म्हशी बसाव्यात तशा कलंडलेल्या होड्या.
बाबल कोयंडे धक्क्यावरून ओरडला,
"पाणी खंय गेला रे?"
जणू कुणी उसनं नेलं होतं.

होड्यांवर माणसं झोपलेली.
हे गावाला ठाऊक असतं आणि नसतंही.
हंगामभर खलाशी तिथेच राहतात,
तिथेच दाढी, तिथेच ताप, तिथेच दसरा,
तारेवर बनियनी,
कापलेल्या डिझेलच्या कॅनमध्ये मिरचीचं झाड.
ते झाड खिमराजचं. 'जलवंती'वरचा,
नेपाळातल्या बझांगचा; तिथे समुद्र म्हणजे
शाळेच्या नकाशावरचा निळा कोपरा.

मग पाणी परत आलं.
भिंतबिंत नाही. टीव्हीवर दाखवतात तसं काही नाही.
भरती येते तशी आली, फक्त
थांबायचं विसरली.

सात होड्या एकमेकींना बांधलेल्या,
सुरक्षित राहाव्यात म्हणून, दुहेरी दोरानं.
त्या दोरानंच घात केला.
एक उचलली की सातही उचलायच्या,
एक आपटली की
नारळाचं सोडण फाटताना जी चरचर होते
तीच, पण संपेचना.
"दोर कापा! दोर!"
कोयते, सुरे, कुणी दातांनी.
खिमराजने जो कापला
त्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच्याच गावचा धनबीर होता.
त्यावर तो बोलत नाही. मीही विचारलं नाही.

पाच वेळा आलं, पाच वेळा गेलं.
साडेनऊला ऊन पडलं तेव्हा समुद्राचं तोंड
कपबशी फोडून "काय झालं?" विचारणाऱ्या
पाहुण्यासारखं.

तिसऱ्या दिवशी पंचनामा.
एका कागदावर घरं: पक्कं, कच्चं, झोपडी, गोठा.
दुसऱ्यावर होड्या: मालक, लांबी, इंजिन.
रांगेत खिमराज, हातात काहीच नाही.
"राहण्याचे ठिकाण?"
त्यानं बोट दाखवलं.
"ती होडी झाली. ती मालकाच्या नावे आलीय."
"मी तिच्यात राहतो."
"हो, पण घर म्हणून काय लिहू?"
तलाठीबाई वाईट नव्हत्या. पेन दोनदा झटकलं,
त्याला पाण्याची बाटली दिली,
आणि लिहिलं: लागू नाही.

माझ्या वहीत मात्र तो आहे.
'जलवंती', लाद्या बारा, घेणार खिमराज, खाली सही.
त्याचं अक्षर माझ्याहून वळणदार.
दोन हंगामांच्या सह्या, तेलाच्या बोटांसकट.
भरपाईला बर्फाची वही चालत नाही.
विचारून आले.

'जलवंती' आता डांबरी रस्त्याच्या कडेला,
पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर, एका अंगावर.
क्रेन यायची आहे. मालक विम्याच्या मागे.
खिमराज शिडी लावून वर चढतो, वर स्टोव्ह पेटवतो.
झाड गेलं, कॅन सापडला.
शाळेत जाणारी पोरं खालून ओरडतात,
"रे, ही आता खंय जातली?"
तो हसतो, वरून डाळीची फोडणी खाली येते.

रात्री कारखान्याला कुलूप लावून निघते तेव्हा
भरतीची वेळ असली तर दिसतो:
शिडीवरून उतरतो,
नाळेचा दोर ओढून आणतो
आणि लाईटच्या खांबाला बांधतो.
एकेरी.
गाठ अशी, की ओढली की सुटावी.